कलमबागेसाठी यंत्रं घेताना: आधी गवत, मग फांदी, शेवटी खोड

प्रश्न थोडक्यात असा आहे. राजापूर तालुक्यात उतारावरची साडेपाच एकर बाग. जुनी हापूसची कलमं, खालच्या अंगाला काजू, वरच्या कडेला ऑस्ट्रेलियन बाभळीची दाट रांग, गडग्याला (दगडी कुंपणाला) साग आणि ऐन. हाताशी ८० हजार रुपये. दुकानदार २२ इंची बारची (बार म्हणजे जिच्याभोवती चेन फिरते ती पट्टी) ५८ सीसीची चेनसॉ दाखवतोय आणि म्हणतोय की ही एकच घ्या, सगळं काम होईल. काकांची जुनी चेनसॉ पडवीत पडून आहे. काय घ्यावं, कोणत्या क्रमाने घ्यावं?

ती २२ इंची मशीन घेऊ नका. तुमच्या बागेत वर्षभरात लाकूड कापायचे दिवस थोडे असतात, गवत आणि झुडपं काढायचे दिवस फार. पाऊस सरता सरता कंबरभर गवत उभं असतं, त्यात रानमोडी, घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्या. बेणणी, म्हणजे हे गवत-झुडपं काढणं, वेळेवर झाली नाही तर मोहराच्या दिवसांत फवारणीचा पाइप घेऊन माणूस आत शिरू शकत नाही. त्याहून वाईट म्हणजे फेब्रुवारीनंतर शेजारच्या सड्यावरून (कातळाच्या माळावरून) वणवा आला, की वाळलेलं गवत त्याला थेट कलमांच्या बुडाशी आणून सोडतं. तीस वर्षं जोपासलेलं कलम एका दुपारी होरपळून जातं. कोकणातल्या बागायतदाराचं सगळ्यात मोठं नुकसान कुठे होतं ते बघा आणि पहिला पैसा तिथे घाला.

म्हणून माझा क्रम असा: आधी चांगला ग्रासकटर, मग लहान चेनसॉ, सोबत हातकरवती. मोठं खोड पाडायला माणूस आणि मशीन भाड्याने आणा. आणि ८० हजारांतले निदान १५ हजार अंगावरच्या संरक्षणाला आणि धार लावायच्या साहित्याला बाजूला काढून ठेवा, मगच दुकानाची पायरी चढा. हे पैसे शेवटी उरतील तर घेऊ असं ठरवलं की कधीच उरत नाहीत.

ग्रासकटरमध्ये तुमच्या जागेला ३५ ते ४२ सीसीचं इंजिन पुरतं. टू-स्ट्रोक घ्यावं की फोर-स्ट्रोक, हा वाद आमच्याकडे रोजचा. फोर-स्ट्रोक आवाजाला कमी, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही. पण वजन जास्त, आणि ऑइलची पातळी रोज बघावी लागते. मजुराच्या हाती मशीन देणार असाल तर ही पातळी बघायची राहतेच, आणि मग इंजिन धरतं. टू-स्ट्रोक हलकं असतं, दुरुस्ती गावात होते. घरचा माणूस मशीन चालवणार असेल तर कुठलंही घ्या. चार हातांत फिरणार असेल तर टू-स्ट्रोक घ्या आणि मिसळलेलं पेट्रोल स्वतः भरून द्या.

पाठीवर अडकवायचं इंजिन घ्यावं की खांद्यावरून लटकणाऱ्या सरळ दांड्याचं? उतारावर पाठीवरचं सोयीचं वाटतं, कारण दांडा हलका राहतो आणि गडग्याच्या कडेने हवा तसा वळवता येतो. त्याची कमजोर जागा म्हणजे आतली लवचिक तार. तिला वेळच्या वेळी ग्रीस लागतं. कोरडी पडली की पीळ पडून तुटते. शिवाय उतारावर पाय घसरला तर पाठीवरचं ओझं पटकन टाकता येत नाही. सरळ दांड्याच्या मशीनला दोन्ही खांद्यांचा पट्टा आणि झटक्यात सुटणारी कडी असते. मी सरळ दांड्याच्या बाजूचा आहे. पट्टा मात्र मशीनसोबत फुकट येतो तो न वापरता रुंद, गादीचा, दोन खांद्यांचा घ्या. दिवसभर काम करणाऱ्याची कंबर त्यावर टिकते.

पात्यांचं गणित इंजिनाहून महत्त्वाचं. कोवळ्या गवताला तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी. रानमोडी आणि वाळकं जाड गवत याला तीन दातांचं पातं. अंगठ्याएवढ्या आणि त्याहून जाड खोडांच्या जाळ्यांना करवतीसारखं गोल पातं. वरून पाहिलं तर पातं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं, म्हणून कापणी उजवीकडून डावीकडे, पात्याच्या डाव्या अंगाने करायची. पात्याचा समोरचा उजवा भाग, म्हणजे घड्याळातल्या बारा ते तीनच्या मधली जागा, कडक खोडाला किंवा दगडाला लागली की दांडा जोराने उजवीकडे फेकला जातो. जांभ्याचा दगड गवतात दिसत नाही, आणि आपल्याकडे तो सगळीकडे असतो. त्यामुळे गडग्यालगत कधीही लोखंडी पातं लावू नका, तिथे तंगूसच. चालत्या मशीनपासून १५ मीटरच्या आत दुसरं माणूस नको, मुलं आणि गुरं तर नकोच.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो, कारण हे नुकसान दोन-तीन वर्षांनी दिसतं आणि तोवर कारण कुणाला आठवत नाही. तंगूस मऊ वाटला तरी कलमाच्या बुडाची साल तो सोलून काढतो. काजूच्या बुंध्याला अशी जखम झाली की तिथे रोठा (खोड पोखरणारी कीड) शिरतो, आंब्याला खोडकिडा. झाड पिवळं पडायला लागतं, बुंध्याशी भुसा दिसतो आणि मालक औषधांमागे लागतो. प्रत्येक झाडाभोवती दोन-अडीच फुटांचं आळं हातानेच साफ करायचं, कोयत्याने किंवा विळ्याने. मशीन त्याच्या बाहेर. मजूर रोजावर असो की ठेक्यावर, हे आधी बजावून सांगा. ठिबकच्या नळ्या असतील तर त्याही आधी उचलून घ्या.

आता चेनसॉ. तुमचं नेहमीचं काम म्हणजे चार ते दहा इंच जाडीच्या फांद्या, पडलेली झाडं, सरपण आणि अधूनमधून एखादी बाभूळ. याला ३० ते ३५ सीसीची, १४ किंवा १६ इंची बारची मशीन बरोबर. वजन चार-साडेचार किलोच्या आसपास राहतं. बाभळीची रांग खरंच काढायची ठरली आणि बुंधे फूट-सव्वा फूट जाड असले, तर ४५ ते ५० सीसी आणि १८ इंची बारपर्यंत जा. त्यापुढचं तुमचं काम नाही. तीन फुटी बुंध्याचा आंबा पाडायला ७० सीसीच्या वरची मशीन लागते, आणि तिच्यापेक्षा जास्त लागतो तो अनुभवाचा माणूस. दोन्ही भाड्याने मिळतात.

लांब बार स्वस्त इंजिनाला लावून विकण्याचं कारण एवढंच की मशीन मोठी दिसते. बार जितका लांब तितकी चेन लांब, घासण जास्त, ऑइल जास्त आणि टोक तुमच्या नजरेपासून दूर. बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग फांदीला नकळत टेकला की मशीन उसळून थेट तोंडाकडे येते. चेनसॉचे सगळ्यात वाईट अपघात यातूनच होतात. आखूड बारचं टोक तुम्हाला दिसत राहतं.

दुकानात मशीन हातात घेतल्यावर सीसी विचारण्याआधी हे बघा. पुढच्या हँडलसमोरचा चेन ब्रेक पुढे ढकलल्यावर चेन जागच्या जागी धरते का. थ्रॉटलच्या वरच्या बाजूचा खटका दाबल्याशिवाय थ्रॉटल दाबला जात नाही ना. मशीन सुरू करून नुसती ठेवली तर चेन स्थिर आहे का. नुसत्या चालीत चेन फिरत असेल तर मशीन परत द्या. हँडल आणि इंजिन यांच्या मध्ये स्प्रिंग किंवा रबर आहे का, कारण तो कंप रोज हातात शिरला की काही वर्षांत बोटं बधिर होतात. मग दुकानदाराला सांगा, या मॉडेलचा एअर फिल्टर, ऑइल पंप आणि कार्बोरेटरचा पडदा आत्ता कपाटातून काढून दाखवा. स्टिल घ्या, हुस्क्वार्ना घ्या, नाहीतर दुसरी कुठली. राजापूर-लांजा-रत्नागिरीच्या टापूत ज्याचे सुटे भाग दोन दिवसांत मिळतात ती मशीन चांगली. एप्रिल-मेमध्ये बंद पडलेली महागडी मशीन काहीच कामाची नसते.

बारच्या बुडाशी तीन आकडे कोरलेले असतात: चेनचा पिच (कड्यांमधल्या अंतराचं माप), खाचेची जाडी आणि चेनच्या खालच्या दातांची संख्या. त्यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नवी चेन मागताना '१६ इंची द्या' एवढं सांगून चालत नाही. तीनपैकी एक आकडा चुकला तरी चेन बसत नाही, किंवा बसते आणि उतरते.

धार लावणं हा भाग लोक टाळतात. चेनची तब्येत भुशावरून कळते. तुकडे पडत असतील तर धार आहे. पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला की थांबा. बोथट चेनला माणूस वरून दाब देतो, बार तापतो, कापणी एका बाजूला वळत जाते आणि थकलेल्या हातातून मशीन निसटते. लहान मशीनच्या चेनला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, ०.३२५ इंच पिचच्या चेनला ४.८ मिलिमीटरची. कानस दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने, तीस अंशांच्या तिरकस रेषेत ढकलायची. परत ओढताना उचलायची. प्रत्येक दाताला सारखेच हात, दोन असतील तर दोन. आधी एका बाजूचे सगळे दात, मग मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. चार-पाच वेळा धार झाली की दातापुढचा छोटा उंचवटा मापाने बघून सपाट कानशीने घासायचा, दाताच्या टोकापेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली राहील एवढा. हा उंचवटा राहिला तर दात लाकडात शिरत नाही, जास्त घासला तर मशीन झटके देते. पेट्रोलची टाकी संपली की दोन हात कानस मारायची सवय लावा. जांभ्याची धूळ सालीवर बसलेली असते, आणि कापताना चेन एकदा जमिनीला टेकली तरी धार गेली. पडलेलं खोड खालून लाकडाचे ओंडके देऊन उचलून घ्या, मगच कापा.

चेनच्या टाकीत गॅरेजमधलं जळकं ऑइल ओतायची आपल्याकडे फार वाईट पद्धत आहे. त्यातला लोखंडाचा कीस ऑइल पंप खातो, आणि ते फवारलं जातं तुमच्या कलमांच्या मुळांवर आणि तुमच्या अंगावर. बारचं ऑइल वेगळं मिळतं, तेच घ्या. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल सहसा ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. तरी मशीनच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघा. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल इथेनॉल मिसळलेलं असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि कोकणात ओलीला तोटा नाही. म्हणून आठवड्याभरात संपेल एवढंच मिसळा. मशीन महिनाभर ठेवायची असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. मृगाआधी हे न केल्याने दिवाळीत कार्बोरेटर उघडावा लागतो.

हापूसच्या जुन्या कलमांची छाटणी हा तुमच्या बागेतला सगळ्यात नाजूक भाग. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जुन्या कलमांच्या पुनरुज्जीवनाची पद्धत दिलेली आहे: उंची कमी करायची, मधली फांदी काढून आत ऊन पोचवायचं. ती करण्याआधी विद्यापीठाच्या किंवा कृषी खात्याच्या माणसाला झाडं दाखवा. माझा विषय हत्याराचा. तीन इंचांपर्यंतच्या फांदीला घडीची, ओढताना कापणारी हातकरवत पुरते, आणि कापही स्वच्छ येतो. शिडीवर उभं राहून चेनसॉ कधीच चालवायची नाही, खांद्याच्या वर उचलायचीही नाही. उंचावरच्या बारीक फांद्यांना लांब दांड्याची करवत घ्या. दांडा ॲल्युमिनियमचा असेल तर विजेच्या तारा कुठून जातात ते आधी बघा. तारेजवळचं झाड असेल तर महावितरणला सांगून लाइन बंद करून घ्या. बॅटरीवरच्या छोट्या करवती आल्या आहेत, झाडावर चढणाऱ्याला त्या खरंच सोयीच्या, कारण दोरी ओढून इंजिन सुरू करावं लागत नाही. पण हलकी म्हणून एका हाताने चालवली जाते आणि दुसरा हात तिच्याच वाटेत येतो. कमरेला दोर असलेल्या, सवयीच्या माणसालाच ती द्या.

जाड फांदी तीन कापांत उतरवायची. बुंध्यापासून फूटभर बाहेर, खालून एक तृतीयांश काप. त्याच्या थोडं पुढे वरून दुसरा. फांदी तुटून पडते, साल सोलली जात नाही. मग उरलेला खुंट बुंध्याजवळच्या फुगवट्याच्या बाहेरून तिसऱ्या कापात काढायचा. तो फुगवटा कापू नका, जखम तिथूनच भरून येते. कापावर त्याच दिवशी बोर्डो पेस्ट: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. पुढचं वर्षभर खोडकिड्यावर लक्ष.

बाभळी तुम्ही स्वतः पाडणार असाल तर एकट्याने नाही. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कुणी नको. पडायच्या दिशेला खाच जाडीच्या पाचव्या भागाएवढी, फार तर तिसऱ्या भागाएवढी. मागचा काप खाचेच्या पातळीहून थोडा वर. आणि मध्ये जाडीच्या दहाव्या भागाएवढी पट्टी सोडायची, म्हणजे फूटभर जाड झाडाला सव्वा इंच. ती पट्टीच झाडाला बिजागरीसारखी वळवते, ती पूर्ण कापली की झाड तुमचं ऐकत नाही. पाचर प्लॅस्टिकची किंवा ॲल्युमिनियमची घ्या, लोखंडी पाचरीला चेन लागली तर दात उडतात. हाताने ओढायचं वायर-रोपचं विंच गटात मिळून एक घ्या. उतारावर झाड वळवायला आणि ओंडके ओढायला ते मोठ्या चेनसॉपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

वादळानंतर पडलेल्या झाडांबद्दल वेगळं सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याने गेलं. अशा वेळी लोक घाईने मशीन विकत घेतात आणि त्याच दिवशी पडलेल्या खोडावर चढतात. पडलेलं झाड ताणाखाली असतं. वाकलेल्या खोडाची एक बाजू दाबलेली असते, दुसरी ताणलेली. आधी दाबाच्या बाजूने थोडा काप, मग ताणाच्या बाजूने, आणि स्वतः खोड जिकडे उसळेल त्याच्या उलट बाजूला उभं राहायचं. मुळासकट उन्मळलेलं झाड कापलं की मातीचा गड्डा बुंध्यासह झटक्यात उभा राहू शकतो. त्या खड्ड्यात किंवा गड्ड्यामागे कुणालाही थांबू देऊ नका, मुलं तर तिथे हमखास खेळायला जातात. ताण कुठे आहे हे कळत नसेल तर ते झाड जाणत्या माणसासाठी ठेवा.

संरक्षणाच्या १५ हजारांत काय बसवायचं? जाळी आणि कानांच्या कपांसकट हेल्मेट. चेन अडवणाऱ्या धाग्यांचं मांडीवरचं कवच. पूर्ण पँट आपल्या उन्हात कुणी घालत नाही, म्हणून पुढून बांधायचं घ्या. चेन लागली की त्यातले धागे बाहेर येऊन चेन जागीच अडकवतात. एकदा मार बसलेलं कवच पुन्हा वापरायचं नाही. पायात घोट्याच्या वर येणारे, पुढे लोखंडी टोपी असलेले बूट. बेणणीला गमबूट, कारण सड्यावरचं फुरसं इंजिनाचा आवाज ऐकून निघून जाईलच असं नाही. झाडावर आग्या मोहोळ किंवा गांधीलमाशीचं पोळं आहे का, हे मशीन सुरू करण्याआधी बघा.

चिपर, म्हणजे फांद्यांचे बारीक तुकडे करणारं यंत्र, आत्ता नको. फांद्यांचं आच्छादन बागेला चांगलं, पण वर्षातून थोडेच दिवस चालणारं हे यंत्र शेतकरी गटाने घ्यावं किंवा अवजार बँकेतून भाड्याने आणावं.

महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ ही झाडं आहेत. ती स्वतःच्या जमिनीतली असली तरी तोडायला परवानगी लागते. बाभूळ त्या यादीत नाही, तरी लाकूड बाहेर न्यायचं असेल तर वाहतूक पासाचं वन परिक्षेत्र कार्यालयात आधी विचारा. अनुदानासाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करता येतो. पूर्वसंमतीचं पत्र येण्याआधी बिल फाडलंत तर अनुदान मिळत नाही, आणि मॉडेल तपासणी अहवाल असलेलं हवं.

राहिली काकांची मशीन. नवी घ्यायच्या आधी ती बाहेर काढा. चेन ब्रेक मागे ओढा, स्विच बंद ठेवा, आणि सुरू करायच्या दोरीच्या मुठीला धरून मशीन जमिनीपासून वीतभर वर लटकवा. अडखळत, हळूहळू खाली आली तर पिस्टन-रिंगमध्ये दम आहे. सरसर खाली आली तर इंजिन गेलं, तिच्यावर खर्च करू नका. दम असेल तर पेट्रोलची नळी, टाकीतला फिल्टर, कार्बोरेटरचा पडदा आणि प्लग बदला. पडून राहिलेल्या मशीनमध्ये सहसा याच चार गोष्टी गेलेल्या असतात. चेन ब्रेक धरतोय आणि बारची खाच सरळ आहे हे तपासून नवी चेन टाका. एवढ्यावर ती चालली तर चेनसॉचे पैसे वाचले, आणि ग्रासकटर एक पायरी वरचा घेता येईल.